पाव अंशाने बीम का सरकतो? कणत्वरकातली उष्णता आणि यांत्रिक स्थैर्य

लंबक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कणत्वरकाचा विषय निघाला की ऊर्जा, चुंबक, निर्वात पोकळी, सापडलेले कण यांवर बोलणं होतं. चुंबक ज्या स्टँडवर बसलेला असतो त्या स्टँडबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मी बरीच वर्षं स्टोरेज रिंगच्या, म्हणजे कणांचा झोत (बीम) तासन्‌तास फिरता राहतो त्या गोल त्वरकाच्या, याच भागावर काम करतो आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आधी एक आकडा. साधं पोलाद एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. बीम जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर धरला, तर एका अंशाला स्टँड १४ मायक्रॉन उंच होतो. आजच्या सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोतात (फिरत्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण मिळवणारी रिंग) बीमची उभी जाडी काही मायक्रॉन असते आणि बीमची जागा त्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत स्थिर हवी असते. म्हणजे एका मायक्रॉनच्याही आत. एवढं गणित मांडलं की टनेलमधली हवा ०.१ अंशाच्या मर्यादेत राखायला एवढा आटापिटा का करतात ते लक्षात येतं.

पण रिंगमधले सगळे स्टँड एकदम १४ मायक्रॉन वर गेले तर बीमही त्यांच्यासोबत वर जातो, आणि रिंगला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नाही. (बाहेर प्रयोग लावून बसलेल्यांचं टेबल मात्र वर गेलेलं नसतं, त्यांना त्रास होतोच.) खरा घोळ होतो तो एक चुंबक वर गेला आणि शेजारचा जागेवरच राहिला की. क्वाड्रुपोल, म्हणजे चार ध्रुवांचा चुंबक, बीमला केंद्राकडे ढकलतो. तो स्वतःच सरकला तर बीमला धक्का बसतो, आणि असे सुटे सुटे धक्के रिंगभर फिरून मूळ सरकण्याच्या कितीतरी पट होतात. म्हणून माझं ठाम मत असं की तापमान किती आहे याला फार महत्त्व नाही. ते सगळीकडे सारखं आहे का आणि काल होतं तसंच आज आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

हे मी अनुभवातून शिकलो. एका लांब शटडाऊननंतर रिंगच्या एकाच भागात बीम रोज काही तास हळूहळू खाली यायचा आणि मग थांबायचा. आम्ही चुंबकांचे वीजपुरवठे तपासले, पाण्याचं तापमान तपासलं, सगळं ठीक. आठवडाभराने एकाने गर्डरच्या (चुंबक ज्यावर बसतात त्या तुळईच्या) वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाला सेन्सर चिकटवले आणि दोघांत अर्ध्या अंशाचा फरक निघाला. शटडाऊनमध्ये केबल ट्रेचं झाकण काढलं होतं, ते परत बसवलंच नव्हतं, आणि हवेचा झोत थेट गर्डरच्या माथ्यावर येत होता. वरची बाजू गार, खालची उबदार. म्हणून गर्डर मधोमध खाली वाकत होता.

किती वाकतो ते काढायला सोपं आहे: प्रसरणांक गुणिले तापमानातला फरक गुणिले लांबीचा वर्ग, भागिले आठ पट जाडी. ३ मीटर लांब, ४० सेंमी उंच पोलादी गर्डर आणि अर्धा अंश घातला की १७ मायक्रॉन येतात. टनेलच्या हवेच्या सेन्सरवर यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण हवा नेमून दिलेल्या मर्यादेत होती.

आरएफ कॅव्हिटी (रेडिओलहरींनी बीमला ऊर्जा देणारी धातूची पोकळी), टार्गेट (बीम ज्यावर आदळवतात तो भाग), अतिशीत चुंबक या बाजूंना काम करणाऱ्यांनी आपापलं लिहावं. मला माझी बाजू तेवढी माहीत आहे.

कुतूहल_२

वाचते आहे. प्रश्न कदाचित प्राथमिक असेल. इन्व्हार या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा प्रसरणांक पोलादाच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो असं शिकलो होतो. मग सगळे गर्डर इन्व्हारचे का करत नाहीत?

लंबक

प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. इन्व्हार महाग आहे, यंत्रावर कापायला चिवट आहे आणि वर चुंबकीय आहे, त्यामुळे चुंबकांच्या जवळ नको असतो. पण मला याहून महत्त्वाचं कारण वेगळं वाटतं. इन्व्हार उष्णता फार हळू वाहून नेतो.

एका बाजूने उष्णता येते आहे आणि दुसऱ्या बाजूने जाते आहे अशा वेळी वस्तू किती वाकेल हे प्रसरणांकाला उष्णतावाहकतेने भागून ठरतं. तांब्याचा प्रसरणांक १७ आणि वाहकता ४०० च्या आसपास, भागाकार ०.०४. ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचे २३ आणि १६७, म्हणजे ०.१४. इन्व्हारचे १.२ आणि जेमतेम १०, म्हणजे ०.१२. जवळपास ॲल्युमिनियमएवढाच! स्टेनलेस स्टीलची गत सगळ्यांत वाईट: १६ आणि १५, भागाकार १ च्या वर. अख्खी खोली एका अंशाने तापली तर इन्व्हार जिंकतो. एका अंगाने ऊन पडल्यासारखी उष्णता येत असेल तर तांबं जिंकतं. म्हणून 'कमी प्रसरणाचा धातू घ्या' हा सल्ला अर्धाच आहे. आधी उष्णता येते कुठून आणि जाते कुठे ते विचारायचं.

इन्व्हार किंवा कार्बन फायबरच्या उभ्या खांबांवर बीपीएम, म्हणजे बीमची जागा मोजणारी साधनं, बसवतात. तिथे उष्णतेचा प्रवाह नगण्य असतो, उंची तेवढी स्थिर हवी असते. तो वापर योग्यच.

स्थिरांक

एक वेगळं मत मांडतो. आता वेगवान ऑर्बिट फीडबॅक सगळीकडे आहे. सेकंदाला हजारो वेळा बीम मोजून सुधारक चुंबक त्याला जागेवर आणतात. मग हवेच्या ०.१ अंशावर एवढा खर्च कशासाठी? उष्णतेचं सरकणं तर मिनिटा-तासांचं, म्हणजे फीडबॅकला अगदी सोपं.

लंबक

हा युक्तिवाद मी बैठकीत अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी एकच उत्तर देतो: फीडबॅक बीमला बीपीएमच्या केंद्रात ठेवतो. बीपीएमच सरकला तर?

आणि तो सरकतो. बीम वळताना फेकतो ते सिंक्रोट्रॉन प्रारण निर्वात नळीच्या भिंतीवर पडतं, नळी तापते, लांबते आणि बीपीएमला ढकलते. उष्णता थोडीथोडकी नाही. ३ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा, ३०० मिलिअँपिअर प्रवाह आणि चुंबकातल्या वळणाची त्रिज्या १० मीटर धरली तर रिंगभर मिळून २०० किलोवॅटच्या वर प्रारण बाहेर पडतं. बीपीएम १० मायक्रॉन वर गेला की फीडबॅक प्रामाणिकपणे बीमला १० मायक्रॉन वर नेतो आणि पडद्यावर सगळं शून्य दिसतं. यंत्रणा बिघडलेली नसते, तिला चूक दिसतच नाही. म्हणून बीपीएमच्या दोन्ही बाजूंना बेलोज (लवचिक घड्यांचे जोड) लावून नळीचं ढकलणं तोडायचं, बीपीएम वेगळ्या खांबावर घ्यायचा, आणि तरीही उरेल त्यासाठी खांबाचं तापमान मोजायचं.

टॉप-अपचा मोठा फायदा इथेच आहे. पूर्वी रिंग भरायची, मग काही तास प्रवाह घटत जायचा, म्हणजे उष्णताही घटत जायची आणि सगळी रिंग हळूहळू आकसत राहायची. २००१ च्या सुमारास काही प्रकाशस्रोतांनी दर काही मिनिटांनी थोडे थोडे इलेक्ट्रॉन घालून प्रवाह स्थिर ठेवायला सुरुवात केली. वापरणाऱ्यांना त्यात जास्त प्रकाश दिसला, आम्हा यांत्रिकीवाल्यांना स्थिर उष्णता दिसली.

स्थिरांक

बीपीएमचा मुद्दा मान्य. मी फीडबॅकच्या बाजूनेच पाहत होतो, मोजणारं साधन कशावर उभं आहे हे पाहिलं नव्हतं.

पोकळी

आरएफच्या बाजूने लिहिते. तांब्याची कॅव्हिटी तापली की फुगते आणि तिची अनुनाद वारंवारता उतरते. जितक्या प्रमाणात आकार वाढला तितक्याच प्रमाणात वारंवारता घटते. २८५६ मेगाहर्ट्झच्या रेखीय त्वरकात हे अंशाला सुमारे ४८ किलोहर्ट्झ पडतं. त्वरक नलिका लांब असेल तर नळीभर फेज सुटत जाते आणि शेवटी बीमला हवी तेवढी ऊर्जा मिळत नाही. म्हणून तिथल्या पाण्याचं तापमान अंशाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही काटेकोर राखावं लागतं.

मला या सगळ्यात सर्वांत आवडती गोष्ट आरएफक्यूची, म्हणजे मंद कणांना पहिला वेग देणाऱ्या कॅव्हिटीची. चार व्हेन, म्हणजे धातूची पाती, एकमेकींकडे टोक करून उभ्या असतात आणि त्यांच्या टोकांमधली फट वारंवारता ठरवते. व्हेन तापल्या तर त्या मध्याकडे वाढतात, फट अरुंद होते, धारिता वाढते, वारंवारता उतरते. पण बाहेरची भिंत तापली तर ती व्हेनना बाहेर ओढते, फट रुंदावते आणि वारंवारता चढते! एकाच यंत्राच्या दोन भागांचा परिणाम उलटा. हा उलटेपणा त्रासाचा वाटेल, पण आपण त्याचाच उपयोग करतो: व्हेनना एक पाणी, भिंतीला दुसरं पाणी, आणि दोन्हींतला फरक थोडा थोडा बदलून चालू यंत्राची वारंवारता जुळवायची. हलणारा एकही भाग नाही.

यातली अवघड वेळ म्हणजे ट्रिपनंतरची. ठिणगी पडली, आरएफ बंद झाली, की तांबं पाहता पाहता गार होतं आणि वारंवारता वर पळते. परत सुरू करायला जावं तर कॅव्हिटी तिथे नसतेच. जनरेटरची वारंवारता कॅव्हिटीमागे नेऊन, तिला तापवत तापवत मूळ जागी आणावं लागतं. हा कार्यक्रम नीट बसवायला आमच्या गटाचे काही महिने गेले होते, आणि तो बसला त्या दिवसापासून रात्रपाळीतले फोन जवळजवळ थांबले.

हिमकण

थंडीची बाजूही याच धाग्यात बसते, उष्णतेचंच उलट टोक.

सर्नमधली एलएचसी ही कणांच्या टकरी घडवणारी रिंग २७ किमीची आहे आणि तिचे चुंबक १.९ केल्विनला चालतात. खोलीच्या तापमानापासून तिथे जाताना स्टेनलेस स्टील लांबीच्या सुमारे ०.३ टक्के आकसतं. १५ मीटरच्या एका द्विध्रुवासाठी (बीम वळवणाऱ्या चुंबकासाठी) हे ४५ मिमी, आणि पूर्ण परिघावर सुमारे ८० मीटर! हे ८० मीटर अर्थात एका ठिकाणी निघत नाहीत. दर दोन चुंबकांमधल्या जोडात बेलोज असतात आणि ते आपापला वाटा उचलतात.

पण बेलोज म्हणजे घड्यांची नळी. बीमसोबत नळीच्या भिंतीत धावणाऱ्या विजेला, म्हणजे आरसा-प्रवाहाला, त्या घड्या चालत नाहीत, त्याला गुळगुळीत वाट लागते. म्हणून आतून तांब्याच्या मिश्रधातूची बारीक बोटं बसवतात. चुंबक लांबतात-आकसतात तशी ती सरकतात. २००७ मध्ये पहिला सेक्टर थंड करून परत तापवला तेव्हा यातली काही बोटं सरकण्याऐवजी आत वाकली आणि बीमच्या वाटेत आली. यंत्र बंद असताना, नुसत्या तापण्याने.

आता किलोमीटरच्या किलोमीटर नळीत वाकलेलं बोट शोधायचं कसं? ३४ मिमी व्यासाचा, आत छोटा ट्रान्समीटर असलेला पोकळ गोळा करून तो हवेच्या दाबाने नळीतून सोडला. वाटेतले बीपीएम त्याचा संकेत टिपत होते. गोळा जिथे अडेल तिथे वाकलेलं बोट. मला ही युक्ती फार मोठी वाटते. बीमसाठी बसवलेली साधनं चेंडूच्या मागावर लावायची, हे ज्याला सुचलं त्याचं कौतुक.

आणि १९ सप्टेंबर २००८ ची दुर्घटना. दोन चुंबकांमधल्या एका जोडाचा रोध सुमारे २०० नॅनोओहम होता. ऐकायला काहीच नाही, पण ८.७ किलोअँपिअरला तिथे १५ वॅट तयार होतात. अतिवाहक तारेच्या दृष्टीने ती भट्टी. जोड वितळला, विजेची कमान पेटली, हेलियमच्या आवरणाला भोक पडलं, टनांनी हेलियम बाहेर आला आणि त्याच्या दाबाने टनावारी वजनाचे चुंबक आपल्या पायांवरून सरकले. सुरुवात १५ वॅटांची.

कुतूहल_२

हिमकण, आठ-दहा वॅटचे दोन एलईडी दिवे आठवले. तेवढ्या उष्णतेने! बाप रे.

चक्रधर

भर घालतो. कायमचुंबक वापरणाऱ्यांनी मिलिमीटर-मायक्रॉनसोबत क्षेत्राकडेही पाहावं. निओडिमियमच्या चुंबकाचं क्षेत्र अंशाला ०.१ टक्क्याच्या आसपास घटतं, समॅरियम-कोबाल्टचं त्याच्या निम्म्याहून कमी. भरपाईसाठी निकेल-लोखंडाच्या खास मिश्रधातूच्या पट्ट्या बाजूला लावतात; त्या तापल्या की कमी क्षेत्र चोरतात. आम्ही ते जुळवायला प्रत्येक चुंबक ओव्हनमध्ये घालून मोजला होता.

टोकदार

इथे कुणी टार्गेटबद्दल लिहिलं नाही. वरच्या चर्चेत तासांची उष्णता आहे. टार्गेटमध्ये मायक्रोसेकंदांची असते आणि तिचा स्वभाव वेगळा.

कणांचा झोत मायक्रोसेकंदात धातूत शिरतो तेव्हा तो भाग क्षणात तापतो. त्याला फुगायचं असतं, पण आजूबाजूच्या वस्तुमानाला हलायला वेळच मिळत नाही. ते फुगणं दाब बनतं आणि तो दाब लाट होऊन ध्वनीच्या वेगाने आरपार जातो. पूर्ण जखडलेल्या दांड्यात ताण किती येईल हे यंग मापांक गुणिले प्रसरणांक इतकं सोपं आहे: टंगस्टनला अंशाला १.८ मेगापास्कल, तांब्याला २, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूला १, आणि ग्रॅफाइटला जेमतेम ०.०४. म्हणून शेकडो अंशांची उडी सोसायला ग्रॅफाइट पुढे येतं. ते मजबूत आहे म्हणून नव्हे. ते मऊ आहे, ताण साठवतच नाही.

अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या न्यूट्रॉन स्रोतात टार्गेट म्हणून वाहता पारा आहे, २००६ पासून. द्रव आहे, तडा जायचा प्रश्न नाही, असं वाटेल. पण सेकंदाला ६० वेळा झोत येतो, दाबाची लाट पाऱ्यात पसरते, मागोमाग ताण उलटतो, पाऱ्यात पोकळ्या तयार होतात आणि त्या फुटताना पोलादी भांड्याच्या आतल्या भिंतीला खड्डे पाडतात. उपाय म्हणून पाऱ्यात हेलियमचे बारीक बुडबुडे सोडतात. बुडबुडे दबतात, लाटेचा जोर गिळतात. स्वीडनमधल्या ईएसएस या न्यूट्रॉन स्रोताने वेगळी वाट धरली: झोत लांबवून जवळपास ३ मिलिसेकंदांचा केला आणि टंगस्टनचं मोठं चाक फिरतं ठेवलं, म्हणजे प्रत्येक वेळी ताजा भाग समोर. एवढा वेळ मिळाल्यावर धक्क्याची लाट उरत नाही, थकवा आणि तापमान हे नेहमीचे प्रश्न उरतात.

स्थिरांक

अवांतर: एलईपीच्या (एलएचसीआधी त्याच टनेलमध्ये असलेल्या रिंगच्या) वेळी चंद्रामुळे बीमची ऊर्जा बदलायची असं वाचलं होतं. ते याच जातीचं का?

लंबक

हो, कारण वेगळं पण गणित तेच. चंद्रामुळे पृथ्वीचं कवच थोडं उचललं जातं आणि २७ किमीचा परीघ सुमारे १ मिमीने बदलतो. आरएफची वारंवारता बीमच्या वाटेची लांबी पक्की बांधून ठेवते, म्हणून चुंबकांची रिंग मोठी झाली तरी बीमची वाट तेवढीच राहते. बीम क्वाड्रुपोलच्या केंद्रापासून ढळतो आणि त्याची ऊर्जा बदलते. १ मिमीला साधारण १० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट). झेड कणाचं वस्तुमान त्यांना २ एमईव्हीपर्यंत अचूक हवं होतं, म्हणून हे धरावंच लागलं. टनेलचं काँक्रीट ऋतूप्रमाणे तापतं-निवतं तेव्हाही परीघ असाच बदलतो, फक्त बारा तासांऐवजी महिन्यांत. अर्धा मीटर जाड काँक्रीटमधून उष्णता पलीकडे जायलाच दिवस लागतात, म्हणून शटडाऊननंतर हवा जागेवर आली तरी जमीन जागेवर यायची वाट पाहावी लागते.

कुतूहल_२

लंबकदादा, आता माझी खरी अडचण लिहिते. प्रबंधासाठी कॉलिमेटरचा (बीमच्या कडेचे भरकटलेले कण अडवणाऱ्या जबड्यांचा) एक नमुना करते आहे. तांब्याचा जबडा, ५०० मिमी लांब, ४० मिमी रुंद, ४० मिमी जाड. बीमऐवजी समोरच्या तोंडावर विजेचा हीटर, १ किलोवॅट. पाण्याची वाट मागच्या तोंडालगत. संगणकावर मधला फुगवटा ६६ मायक्रॉन येतो, डायल गेजवर ११० भरतो. मॉडेलची जाळी बारीक केली, पाण्याकडे उष्णता जाण्याचा सहगुणक बदलून पाहिला. फरक जात नाही.

लंबक

तुमचा आकडा हाताने तपासला. ५०० बाय ४० मिमीच्या तोंडावर १ किलोवॅट म्हणजे चौरस मीटरला ५० किलोवॅट. तांब्यात ४० मिमीवर ५ अंशांचा फरक. वरचं सूत्र लावलं की ६६ मायक्रॉन. संगणक बरोबर सांगतो आहे. पण तो सुट्या जबड्याबद्दल सांगतो आहे. तुमचा जबडा कशावर बसवला आहे आणि बोल्ट कुठे आहेत?

कुतूहल_२

मागे स्टेनलेस स्टीलची २० मिमी पट्टी. दोन्ही टोकांना दोन दोन बोल्ट, टॉर्क रेंचने आवळलेले. मॉडेलमध्ये मी तो आधार स्थिर धरला होता, पट्टी काढलीच नव्हती.

लंबक

सापडलं बहुतेक. तांबं तापून लांबतं, मागची पट्टी गारच राहते. दोन्ही टोकं आवळलेली, म्हणजे तुम्ही नकळत द्विधातूची पट्टी केली आहे, आणि ती ज्या बाजूला वाकते तीच उष्णतेने वाकण्याची बाजू आहे, बीमकडे. दोन्ही वाकणी एकमेकींत मिळतात. एक टोक पक्कं ठेवा, दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्याचं फ्लेक्शर द्या, म्हणजे लांबीच्या दिशेने मोकळं आणि बाकी दिशांना ताठ. पट्टीवरही दोन सेन्सर लावा.

पोकळी

आणि गेजचा स्टँड हीटरच्या समोर नाही ना, तेही पाहा. आमच्याकडे एकदा गेजचाच दांडा तापत होता.

कुतूहल_२

नऊ दिवसांनी लिहिते आहे. फ्लेक्शर बसवलं, गेजसमोर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा आडोसा केला. आडोशाने ६ मायक्रॉन कमी झाले, बाकी सगळं फ्लेक्शरने. आता ७२ भरतो आणि तीन वेळा तापवून-निववून तोच आकडा आला. मार्गदर्शकांना ४० च्या आत हवा आहे.

लंबक

फार छान. तीन वेळा तोच आकडा येणं हे ७२ पेक्षाही मोलाचं आहे. ४० साठी जबड्याचे लांबीने दोन तुकडे करता आले तर पाहा. लांबीचा वर्ग आहे, अर्ध्या लांबीला फुगवटा चौथाई होतो. प्रत्येक तुकड्याला १८ च्या आसपास. मधल्या फटीतून प्रारण निसटू नये म्हणून सांधा तिरका कापा, आणि दोन्ही तुकड्यांना पाणी समांतर द्या, एकामागून एक नको. नाहीतर दुसऱ्याला पहिल्याने तापवलेलं पाणी मिळेल आणि दोघांची उंची वेगळी येईल. चित्र काढलंत की इथेच टाका.